लाल ठशातला एक आकडा आणि त्यामागे गेलेले अडीच महिने

अर्धविराम
नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मला काहीही होत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची सगळी गंमत त्यातच आहे. ऑफिसातल्या दोघीतिघींनी संपूर्ण तपासणीचं पॅकेज घेतलं, सवलत होती, मीही घेतलं. ७२ तपासण्या. रिपोर्ट आला सात पानी. त्यात टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) लाल ठशात, खाली बाण. टी४ही (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) लाल, वर बाण. बाकी ७० आकडे काळे होते, पण त्यांच्याकडे कोण बघतंय!

डॉक्टर म्हणाले, थायरॉइड जास्त काम करतेय असं दिसतं. छातीत धडधडतं का? नव्हतं धडधडत. त्यांनी विचारल्यावर मात्र लागलं. मग गळ्याची सोनोग्राफी, त्यात ७ मिलिमीटरची एक गाठ. मग पुन्हा रक्त, मग हृदयाचा आलेख. एका ठिकाणी सांगितलं, सुई घालून तपासून घ्या, मनाला शांतता. दुसरीकडे म्हणाले, एवढ्याशा गाठीला आत्ता हात लावायचं कारण नाही.

पॅकेज स्वस्तच होतं. त्याच्यामागून जे आलं त्याची बेरीज पॅकेजच्या नऊपट भरते, रजा वेगळ्या. रात्री दोन वाजता गळा चाचपत बसले त्याचा हिशोब कुठे मांडायचा ते कळत नाही.

वैद्यकीय सल्ला नकोय, तो डॉक्टर देतीलच. विचारायचं एवढंच: तुम्ही कुठे थांबता? आणि सुरुवात तरी कुठे करता?

सरासरी_माणूस
धागा आवडला. माझं पोट आकडेमोडीवर चालतं, म्हणून त्या लाल ठशाबद्दल दोन शब्द.

रिपोर्टवर 'नॉर्मल रेंज' म्हणून जे छापलेलं असतं ते कुठून येतं? निरोगी माणसांचा एक मोठा गट घेतात, त्यांचं रक्त तपासतात आणि मधल्या ९५ टक्क्यांना रेंज म्हणतात. म्हणजे व्याख्येनेच २० निरोगी माणसांतला १ जण रेंजच्या बाहेर पडणार. आता हेच उलटं करा. एकाच निरोगी माणसाच्या २० स्वतंत्र तपासण्या केल्या तर सगळ्या काळ्या ठशात येण्याची शक्यता ३६ टक्के. ७२ केल्या तर अडीच टक्के! प्रत्यक्षात तपासण्या एकमेकींच्या हातात हात घालून चालतात (तुमचे टीएसएच आणि टी४ तसेच) आणि काही रेंज वेगळ्या पद्धतीने ठरतात, त्यामुळे परिस्थिती इतकी वाईट नसते. पण मोठ्या पॅकेजात काहीतरी लाल येणारच, हे गृहीत धरूनच रिपोर्ट उघडावा.

दुसरं. १९७८ साली हार्वर्डमधल्या डॉक्टर आणि विद्यार्थी मिळून ६० जणांना एक साधा प्रश्न विचारला होता. आजार हजारात एकाला आहे, तपासणी १०० निरोगी माणसांतल्या ५ जणांना चुकून आजारी ठरवते. कुणाची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त लोकांचं उत्तर होतं ९५ टक्के. खरं उत्तर सुमारे २. हजार माणसं डोळ्यांपुढे आणा: एक खरा आजारी, आणि चुकून पकडलेले पन्नास. पकडलेल्या ५१ जणांत खरा एकच. ६० पैकी ११ जणांना हे जमलं.

वळचण
गणित पटलं. तरी मला राग आला, खरं सांगते.

माझ्या दिरांनाही काही होत नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, माणूस धडधाकट. 'मला काय झालंय' म्हणून वीस वर्षांत एकदा दंडाला पट्टा बांधून घेतला नाही. कळलं तेव्हा रक्तदाबाने दोन्ही मूत्रपिंडं पोखरलेली. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास, शिवाय जाणं-येणं. जाऊबाईंनी नोकरी सोडली. घर पहिल्या वर्षात विकलं.

'काही होत नसेल तर तपासू नका' असा या धाग्याचा सूर लागणार असेल, तर माझा ठाम विरोध नोंदवून ठेवा.

सरासरी_माणूस
वळचणताई, विरोध नोंदवला आणि मान्यही आहे. माझ्या लिहिण्यातून तो सूर निघाला असेल तर चूक माझी.

रक्तदाबाचं वेगळं आहे. तो मुका असतो, मोजायला पाच मिनिटं लागतात, जास्त निघाला तर काय करायचं ते ठाऊक आहे आणि ते केल्याने पक्षाघात, हृदयविकार कमी होतात हे चाचण्यांमधून (म्हणजे माणसांचे गट पाडून केलेल्या प्रयोगांमधून) पुन्हा पुन्हा दिसलंय. तपासणी चांगली कशी ओळखायची, तर तिच्या पुढची पायरी पक्की असते. उलट 'बघू काय निघतंय ते' या सरसकट तपासण्यांचा हिशोब कोक्रेनच्या गटाने (जगभरच्या चाचण्या एकत्र करून आढावा घेणारी ही संस्था) मांडला होता. २०१९ च्या आढाव्यात १७ चाचण्या, अडीच लाखांहून जास्त माणसं. अशा तपासण्यांना बोलावलेले आणि न बोलावलेले, दोन्ही गटांत मृत्यूचं प्रमाण जवळपास सारखंच.

तिरपागडे
चला, म्हणजे काल तपासा म्हणणारे आज तपासू नका म्हणतायत. या संशोधकांचं हे नेहमीचंच. आज ही गोळी अमृत, दहा वर्षांनी तीच विष. मी तर वाचणंच सोडलंय. ज्याची जेवढी दोरी.

सांजवेळ
तिरपागडे, धाग्यावर बहुधा मीच सर्वांत म्हातारी (वय ७५), तेव्हा थोडं ऐकून घ्या. तुमच्या या 'आज अमृत उद्या विष'मध्ये मी स्वतः भरडून निघालेय.

पाळी गेल्यानंतर मला रात्र रात्र झोप नसे. अंगातून वाफा, घामाने उशी ओली. डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या, दोन आठवड्यांत माणसात आले. २००२ साली बातमी आली: अमेरिकेत १६ हजारांहून जास्त बायकांवर चाललेली मोठी चाचणी मध्येच थांबवली, स्तनांच्या कर्करोगाचा धोका २६ टक्क्यांनी वाढतो. मी त्याच संध्याकाळी गोळ्या बंद केल्या. कुणाला विचारलं नाही. पुढची चार वर्षं कशी काढली ते माझं मला माहीत.

पुष्कळ उशिरा, सुनेने (ती परिचारिका आहे) मला तो २६ टक्के उलगडून दाखवला. गोळी न घेणाऱ्या १०,००० बायकांत वर्षाला ३० जणींना कर्करोग. घेणाऱ्या १०,००० मध्ये ३८. म्हणजे दहा हजारांत आठ जास्त. धोका खरा होता, खोटं कुणीच बोललं नव्हतं. पण 'दहा हजारांत आठ' असं कुणी सांगितलं असतं तर मी निदान डॉक्टरांकडे जाऊन बसले असते, आठांकडे आणि माझ्या झोपेकडे बघून काय ते ठरवलं असतं. शिवाय चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. मी तेव्हा ५१ ची.

तेव्हापासून पेपरात टक्का दिसला की मी विचारते, 'कितीत किती?' नातवंडं आता मला 'कितीत किती आजी' म्हणतात.

रातकिडा
कितीत किती आजी, दंडवत घ्या!

तिरपागडेंच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, पण मला तो उलटा दिसतो. बीटा कॅरोटीनचं (गाजरात असतं ते रंगद्रव्य) उदाहरण घ्या. ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी, असं निरीक्षणांत वर्षानुवर्षं दिसत होतं. शहाणपणाने कुणीही म्हणेल, मग गोळी द्या. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांवर पुरुषांवर खरोखर चाचणी केली, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. १९९४ ला निकाल लागला: गोळीवाल्यांत कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. (आजी विचारायच्या आत: दर १०,००० माणसांमागे वर्षाला ४७ विरुद्ध ५६.)

ही मतं बदलण्याची गोष्ट म्हणून सांगतात. मला यात चाचणी करण्याची हिंमत दिसते. निरीक्षणावर थांबले असते तर आपण आजही ती गोळी खात बसलो असतो, आणि शिफारस केल्याबद्दल कुणीतरी मिरवत असतं.

अर्धविराम, तुमच्या गाठीचा विषय निघालाच आहे म्हणून. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कर्करोगाच्या तपासण्या सरकारने सुरू केल्या. थायरॉइड त्या यादीत नव्हती, पण दवाखाने थोडे जास्तीचे पैसे घेऊन गळ्याची सोनोग्राफी जोडून द्यायचे. २०११ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण? होतं तिथेच. कर्करोग वाढला नव्हता, शोधणारे वाढले होते. ज्या गाठी घेऊन माणसं म्हातारी होऊन दुसऱ्याच कशाने गेली असती, त्या काढल्या गेल्या. शस्त्रक्रिया झालेल्या बहुतेकांना जन्मभर गोळी, त्यातल्या ११ टक्के लोकांना कॅल्शियमचा त्रास, २ टक्क्यांच्या स्वरतंतूंना इजा. २०१४ मध्ये डॉक्टरांनीच याविरुद्ध आवाज उठवला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया एक तृतीयांशाने उतरल्या.

तुमची गाठ कशी आहे ते मला कळणार नाही. पण 'थांबून बघू' म्हणणारे दुसरे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत, एवढं लक्षात घ्या.

कोरडी_विहीर
मी सहसा वाचनमात्र असतो. इथे सगळे जास्तीच्या तपासण्यांबद्दल बोलतायत, माझी गोष्ट दुसऱ्या टोकाची.

मला रक्तदाब आहे, साखरही. पाच गोळ्या. मागच्या वर्षी आठ महिने काम नव्हतं. घरात कुणाला न सांगता मी गोळ्या एक दिवसाआड घ्यायला लागलो. कोणती महत्त्वाची, कोणती नाही, हे मला काय कळणार? जी महाग ती आधी सोडली. शक्तीची म्हणून एक होती, ती मात्र रोज घेत राहिलो, कारण ती स्वस्त होती आणि तिचा रंग चांगला होता. हसू नका.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा आकडे वाढलेले. त्यांना वाटलं गोळी पुरत नाही, त्यांनी आणखी एक वाढवली. मी गप्प. पैसे नाहीत म्हणायची लाज वाटली. म्हणजे न घेतलेल्या गोळ्यांवर उपाय म्हणून आणखी एक न परवडणारी गोळी.

वळचण
कोरडी_विहीर, कुणीच हसत नाहीये. आता घेताय ना नियमित?

कोरडी_विहीर
घेतोय. मार्चपासून काम आहे.

सरासरी_माणूस
दादा, लिहिलंत हे बरं केलंत. तुम्ही जे केलं ते अमेरिकेत रँड नावाच्या संस्थेने प्रयोग करून दाखवलंय. १९७० च्या दशकात हजारो माणसांना वेगवेगळ्या विमा योजनांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटलं: काहींना सगळं फुकट, काहींना बिलातला मोठा वाटा स्वतः भरायचा. ज्यांना भरायचं होतं ते कमी वेळा डॉक्टरकडे गेले, हे अपेक्षितच. मजा पुढे आहे. खिशातून जातंय म्हटल्यावर लोक फालतू उपचार गाळतील आणि गरजेचे ठेवतील, असं अर्थशास्त्र्यांना वाटत होतं. लोकांनी दोन्ही सारख्याच प्रमाणात गाळले. बहुतेकांच्या तब्येतीवर फारसा परिणाम दिसला नाही. जे गरीब होते आणि ज्यांना रक्तदाब होता, त्यांचं मात्र नुकसान झालं.

महाग ती आधी सोडली, यात तुमचा मूर्खपणा नाही. औषधाच्या पाकिटावर किंमत छापलेली असते, उपयोग छापलेला नसतो.

पिंपळपान
मी डॉक्टर आहे, नाव-गाव सांगणार नाही. कोरडी_विहीर, तुमची पोस्ट वाचून मी माझे मागच्या महिन्यातले पेशंट आठवत बसलो. आकडे वाढले की हात आपोआप पुढच्या गोळीकडे जातो. 'घेता का सगळ्या?' असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. आता मी 'आठवड्यातून किती वेळा चुकतात?' असं विचारतो. चुकतात हे गृहीतच धरलं की माणूस मोकळा होतो.

पैशांचं आम्हाला सरळ सांगा. पाचाच्या दोन होत नाहीत नेहमी, पण पाचाच्या तीन पुष्कळदा होतात. त्याच औषधाचा साधा, मूळ नावाने विकला जाणारा प्रकार देता येतो. पुष्कळ औषधांत तो मंजूर होण्याआधी रक्तात तितकाच उतरतो की नाही हे तपासलेलं असतं (फरकाची मुभा असते, पण '२० टक्के औषध कमी' हा पसरलेला समज चुकीचा). आणि ती शक्तीची रंगीत गोळी बहुधा सर्वांत आधी निघेल.

एकच विनंती: मनाने सोडू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर उसळून त्रास देतात.

सुईदोरा
उशिरा आले धाग्यावर. मी लॅबमध्ये आहे, बावीस वर्षं सुया टोचतेय. सगळे रिपोर्ट आल्यानंतरचं बोलतायत, मला त्याच्या आधीचं बोलायचंय.

मूठ घट्ट आवळून आवळून शीर फुगवली की पोटॅशियम वाढलेलं येतं. नमुना तासन्तास पडून राहिला की साखर कमी दिसते, पेशी खातात ती. रक्तदाबाचं तर विचारूच नका. माणूस जिना चढून येतो, पाय लोंबकळत ठेवून, गप्पा मारत पट्टा बांधून घेतो आणि मग घाबरतो. पाच मिनिटं गप्प बसा, पाठ टेकवा, दंड हृदयाच्या उंचीला ठेवा, मग मोजा.

असो. अर्धविरामताई, तुम्हाला एक विचारू? टीएसएच खाली, टी४ वर, आणि तुम्हाला त्रास काहीच नाही. तुम्ही केसांसाठी किंवा नखांसाठी काही गोळ्या घेता का?

अर्धविराम
घेते. म्हणजे… हो. साधारण पाच महिने झाले. केस फार गळत होते. औषध नाही ते, नुसतं जीवनसत्त्व. का?

सुईदोरा
पाकीट बघा. बायोटिन लिहिलंय का? आणि किती?

अर्धविराम
बायोटिन, १०,००० मायक्रोग्रॅम. रोज एक.

आता माझ्या छातीत खरंच धडधडतंय.

सुईदोरा
धडधडू देऊ नका, बहुधा चांगली बातमी आहे.

माणसाला दिवसाला ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास बायोटिन पुरतं. तुम्ही त्याच्या तीनशेपटीहून जास्त घेताय. त्याने तुम्हाला काही होत नाही, जास्तीचं लघवीवाटे जातं. गोंधळ होतो तो आमच्या मशीनमध्ये. संप्रेरक मोजायच्या बऱ्याच पद्धतींमध्ये बायोटिन हाच गोंद म्हणून वापरतात: तपासणीचे रेणू त्या गोंदाने पृष्ठभागाला चिकटतात आणि मग मोजले जातात. तुमच्या रक्तातच बायोटिनचा पूर आला की चिकटायच्या जागा तो अडवून बसतो. पद्धतीच्या रचनेप्रमाणे टीएसएच खोटं कमी येतं आणि टी४ खोटं जास्त. कागदावर हुबेहूब थायरॉइड वाढल्याचं चित्र! सगळ्याच मशीनवर असं होत नाही, म्हणून तुमच्या लॅबची पद्धत विचारायला हवी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता, कारण हृदयविकाराच्या झटक्यात तपासतात ते ट्रोपोनिनही यामुळे खोटं कमी येऊ शकतं. ते जास्त भयंकर.

डॉक्टरांना हे सांगा, त्यांच्या सल्ल्याने गोळी थांबवा आणि निदान दोन दिवसांनी, तुमचा डोस बघता मी आठवडा म्हणेन, फक्त थायरॉइड पुन्हा करा. पॅकेज घेऊ नका हो परत!

पिंपळपान
सुईदोराताईंना सलाम. मीही पटकन विचारलं नसतं. 'कोणती औषधं चालू आहेत?' या प्रश्नाला केसांच्या गोळीचं उत्तर कुणीच देत नाही, कारण ते औषध आहे असं पेशंटला वाटत नाही. आणि आम्ही खोदून विचारत नाही, कारण बाहेर आणखी चौदा जण बसलेले असतात.

तिरपागडे
म्हणजे बाईंनी केस वाचवायला गोळी घेतली आणि गळा कापायची वेळ आली. आणि मला म्हणता वाचत जा.

रातकिडा
वाचलंत म्हणूनच हा विनोद सुचला ना.

अर्धविराम *(तेवीस दिवसांनी)*
धागा वर काढतेय, माफ करा.

गोळी बंद केली, दहा दिवस थांबले, डॉक्टरांनी फक्त टीएसएच आणि टी४ लिहून दिलं. दोन्ही काळ्या ठशात, बाण नाही. कागद तीनदा उलटून पाहिला. डॉक्टर आधी गप्प झाले, मग म्हणाले, 'हे मी विचारायला हवं होतं.' हे ऐकून मला त्यांचा राग यायला हवा होता, पण बरंच वाटलं. तेच डॉक्टर ठेवलेत.

गाठ आहे तिथेच आहे. ती खरी आहे, ती काही बायोटिनने केलेली नाही. सोनोग्राफीत तिची लक्षणं साधी आहेत म्हणाले, वर्षाने पुन्हा बघू. सुई नाही. रात्री गळा चाचपणं अजून पूर्ण सुटलेलं नाही, दोनाचं साडेबारावर आलंय.

दोन आकड्यांच्या त्या शेवटच्या तपासणीला जे पैसे पडले, ते केसांच्या गोळ्यांच्या एका डबीपेक्षा कमी. सुईदोराताई, काय बोलू?

आणि वळचणताई, रक्तदाब मोजून घेतला. पाठ टेकवून, गप्प बसून. नवऱ्यालाही नेलं, त्याचा जास्त निघाला. आठवडाभर घरी मोजून वही घेऊन या म्हटलंय.

वळचण
वही घेऊन जाच. आणि त्यांच्यावर सोडू नका, तुम्ही लिहा.

तिरपागडे
आनंद आहे. पण मूळ प्रश्न राहिला. केसांचं काय झालं?

अर्धविराम
गळतायत.